पाकटाचा पाहुणचार

बँकेत बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला एक खोड जडते. दुसऱ्याची वस्तू ताब्यात आली की ती मोजून घ्यायची, सही ठोकायची आणि मग तिच्या काळजीनं आपली झोप उडवून घ्यायची. ही खोड आमच्या तीनशे दोन नंबरवाल्यांनी बरोबर हेरली असावी. (इमारतीतली माणसं मी फ्लॅटच्या नंबरानं ओळखतो. खात्यांच्या नंबरात हयात गेलेल्याचं दुसरं काय होणार?) तीनशे दोन म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे गृहस्थ. दोन महिन्यांपूर्वीच राहायला आलेले. एका रविवारी सकाळी ते दारात उभे राहिले, हातात किल्ली.

"साहेब, अकरा दिवस बहिणीकडं दुबईला चाललोय. तेवढं लिओकडं बघाल का?"

लिओ म्हणजे मांजर असावं अशा समजुतीनं मी हो म्हणून बसलो. मग ते मला वर घेऊन गेले. त्यांच्या बेडरूममध्ये पलंग नव्हता. पलंगाच्या जागी सात फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी होती. मी मनातल्या मनात गुणाकार केला. हजारावर लिटर पाणी, म्हणजे टनाच्या वर वजन, आणि त्याच्या बरोब्बर खाली आमचा पलंग. टाकीच्या तळाला नुसती वाळू. लिओ कुठं आहे म्हणून मी वाकलो, तर त्या वाळूतूनच दोन डोळे वर आले आणि माझ्याकडं बघू लागले.

"बाबा, पापड!" मागून आलेले आमचे चिरंजीव ओरडले.

आणि खरोखर पापडच होता तो. ताटाएवढा गोल, चपटा, तपकिरी, अंगावर नारिंगी ठिपक्यांची नक्षी. फरक एवढाच की या पापडाला शेपूट होती आणि त्या शेपटीवर करवतीसारखा विषारी काटा. तीनशे दोननी चार टाइप केलेले कागद माझ्या हातात दिले. शेवटची ओळ लाल अक्षरांत होती : हात घालताना शेपटीकडं लक्ष ठेवा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण माझ्या ओठांपर्यंत आली होती. पण किल्ली एव्हाना माझ्या खिशात पडली होती.

संध्याकाळी आमचे सासरे वर बघायला आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मूळचे हर्णैचे, जन्म होडीत गेलेल्या घरातला, वय सत्त्याहत्तर. त्यांनी काचेला नाक लावलं आणि एका शब्दात निकाल दिला.

"पाकट."

मग पायजमा वर सरकवून घोट्यावरचा जुना पांढरा व्रण दाखवला. पंधरा वर्षांचे असताना ओहोटीला पाण्यात चालताना पाय पाकटावर पडला होता. आजीनं पाय सोसवेल तितक्या कढत पाण्यात बुडवून ठेवला आणि तासाभरानं कळ उतरली. (आजीचं शास्त्र बरोबर होतं. पाकटाचं विष प्रथिनाचं असतं, ते उष्णतेनं बिघडतं. आजचे डॉक्टरही आधी तेच सांगतात, आणि मग दवाखान्यात या म्हणतात.) व्रण झाकून दादांनी जो प्रश्न विचारला, त्यानं मात्र माझी पुढची पाच रात्रींची झोप खाल्ली.

"पण पाकट गोड्या पाण्यात कसं? आणि ते घरात कसं?"

आता मी पडलो बी.कॉम. मासा मला माहीत तो ताटातला. पण जुनी व्हाउचरं काढून बघायची सवय असलेला माणूस स्वस्थ कसा बसणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी सापडलं, म्हणून तेच आधी सांगतो.

'अ‍ॅक्वेरियम' हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा. म्हणजे आमच्या गावच्या वेशीवरचं हौद-डोणी हेच खरं अ‍ॅक्वेरियम. काचेच्या पेटीत समुद्री जीव ठेवून त्यांच्याकडं बघायची पद्धत मात्र अलीकडची, दोनशे वर्षांचीही नाही. ती पाडली झान विलप्र-पॉवर नावाच्या फ्रेंच बाईंनी. या बाई तरुणपणी पॅरिसमध्ये शिवणकाम-भरतकाम करीत. एका राजकन्येच्या लग्नाचा झगा त्यांनी भरला होता. पुढं लग्न होऊन त्या सिसिली बेटावर मेसिना गावी गेल्या आणि समुद्राच्या नादाला लागल्या. तिथं आर्गोनॉट म्हणून आठ पायांचा एक जीव मिळतो, पातळ शिंपल्याच्या होडीत बसणारा. हा शिंपला तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो, यावर विद्वानांचा वाद चालला होता. बाईंनी वाद घातला नाही. १८३२ साली काचेच्या पेट्या करून घेतल्या, त्यात आर्गोनॉट ठेवले आणि बघत बसल्या. जीव निर्दोष सुटला. शिंपला त्याचा स्वतःचाच होता! पुढं १८३८ साली बाईंचा संग्रह आणि कागदपत्रं घेऊन निघालेलं जहाज बुडालं आणि बरीच वर्षांची मेहनत तळाला गेली. रेकॉर्ड जळणं आणि रेकॉर्ड बुडणं या दोन्ही बातम्यांनी माझ्या पोटात गोळा येतो.

पण मला जास्त आवडल्या त्या लंडनच्या अ‍ॅना थिन बाई. यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे मोठे धर्माधिकारी. १८४६ साली या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर हवापालटाला गेल्या आणि तिथलं जिवंत पोवळं बघून वेड्याच झाल्या. ते त्यांनी दगडी बरणीत घालून लंडनला आणलं. वाटेत गडगडू नये म्हणून सुईदोऱ्यानं चक्क स्पंजाला शिवून टाकलं! घरी आल्यावर अडचण उभी राहिली. समुद्र तर लांब, आणि बरणीतलं पाणी शिळं होणार. तेव्हा बाईंनी तोड काढली. मोलकरणीनं उघड्या खिडकीशी उभं राहायचं आणि पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असं रोज अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं. आपण कढत चहा निववतो तसं. ओतताना पाण्यात हवा मिसळते आणि जीव जगतो. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं, आणि त्यांचं हे बिऱ्हाड जवळजवळ तीन वर्षं टिकलं. इतिहासात बाईंचं नाव आलं. हात मोडेपर्यंत पाणी ओतणारी मोलकरीण मोलकरीणच राहिली. याबद्दल कारकून वर्गाला वाटायचं ते वाटलंच.

मोलकरणीची सुटका केली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं. १८४९च्या सुमाराला त्यानं काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. मासे वनस्पतीला खत देतात, वनस्पती माशांना प्राणवायू देते, असा जमाखर्च. पण तो टॅली होईना. पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, अंडी घातली, ती माशांनी खाल्ली आणि ताळेबंद जुळला! डबल एंट्रीचा असा जिवंत नमुना आम्हाला कॉलेजात कुणी दाखवला असता, तर अकाउंट्समध्ये माझे चार मार्क वाढले असते.

तोवर इंग्लंडात काचेवरचा कर उठला होता (१८४५), काच स्वस्त झाली होती, आणि आगगाडी समुद्रापर्यंत पोचली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यानं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं, आणि मग घरोघरी काचेच्या टाक्या झाल्या. हौशी मंडळी बादल्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडली. खडकांतली जी डबकी जिवांनी गच्च भरलेली होती, ती काही वर्षांत ओरबाडली गेली. हे दुःखानं कुणी लिहून ठेवलं? गॉसच्याच मुलानं, १९०७ साली. बापाच्या पुस्तकानं लावलेली आग मुलानं नोंदवली.

पुढचं मी भराभर सांगतो. विजेचे पंप आले, विमानं आली, आणि ज्या नद्यांचं नाव भूगोलाच्या पेपरात सुद्धा धड लिहिता येत नाही तिथले मासे दिवाणखान्यांत आले. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथं गेलो होतो. मला त्यातला एकही मासा आठवत नाही. काचेला नाक लावल्याबद्दल बाईंनी दिलेली टपली तेवढी आठवते.

आता दादांचा पहिला प्रश्न. पाकट गोड्या पाण्यात कसं?

याचं उत्तर दक्षिण अमेरिकेत आहे. तिथल्या अ‍ॅमेझॉन, ओरिनोको, पाराना अशा नद्यांत पाकटांचं एक सबंध कूळच नांदतं. पूर्वज अर्थात समुद्रातलेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या खंडात समुद्र आत घुसला होता, त्याच्याबरोबर पाकटं आत आली. मग समुद्र माघारी गेला आणि ही मंडळी नदीतच राहिली, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. कुठला समुद्र, यावर मात्र भांडण. १९८१ साली काही संशोधकांनी पाकटाच्या पोटातले कृमी तपासले आणि ते पॅसिफिककडचे ठरवले. पुढं डीएनए बघणारे म्हणाले, छे, हे कॅरिबियनकडचे. वाद काही असो, मला ती तपासाची पद्धत पटली. मुंबईला येऊन तीस वर्षं झालेला माणूस मालवणचा की रत्नागिरीचा हे त्याच्या पोटावरूनच ओळखू येतं.

पण खरी गंमत रक्तात आहे. समुद्रातली पाकटं आणि मुशी रक्तात युरिया साठवून ठेवतात. बाहेरच्या खाऱ्या पाण्यानं अंगातलं पाणी शोषून घेऊ नये म्हणून केलेली ती तरतूद. आमच्या भाषेत रिझर्व्ह फंड. १९६७ साली अमेरिकेतल्या थॉर्सन नावाच्या शास्त्रज्ञानं नदीतल्या पाकटांचं रक्त तपासलं, तर फंडात जवळजवळ खडखडाट! गोड्या पाण्यात त्याची गरजच उरली नव्हती, म्हणून पिढ्यान् पिढ्यांत तो मोडून खाल्ला गेला. पुढं अशा पाकटांना हळूहळू खाऱ्या पाण्यात नेऊन बघितलं, तरी त्यांना युरिया पुन्हा साठवता आला नाही. म्हणजे समुद्रातून आलेलं हे चाकरमानी आता मनात आणलं तरी गावी परत जाऊ शकत नाही.

आणखी एक माणूस सांगायचा राहिला. आल्फ्रेड रसेल वॉलेस. उत्क्रांतीचा सिद्धांत डार्विनबरोबर ज्याच्या नावे लागतो, तोच. घरची गरिबी, म्हणून प्राणी-पक्षी गोळा करून विकायला हा १८४८ साली अ‍ॅमेझॉनला गेला. तिथल्या रिओ निग्रो नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं काळं. त्या नदीवर यानं माशांची दोनशेवर चित्रं काढली, तीही नुसत्या पेन्सिलीनं. मदतीला आलेला धाकटा भाऊ १८५१ साली पिवळ्या तापानं तिकडंच गेला. १८५२ साली वॉलेस सगळा संग्रह घेऊन परत निघाला आणि ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजानं पेट घेतला. केबिन धुरानं भरली होती. त्यात शिरून यानं एक पत्र्याची पेटी उचलली. तीत थोडी टिपणं आणि माशांची, ताडवृक्षांची चित्रं होती. बाकी सगळं गेलं, पाळलेली माकडं सुद्धा. एक पोपट तेवढा पाण्यात पडला म्हणून वाचला. गळक्या होडीत दहा दिवस काढल्यावर एका जहाजानं त्यांना उचललं. त्याच्या लंडनच्या एजंटानं संग्रहाचा विमा उतरवून ठेवला होता. त्या एजंटाचं नाव सॅम्युएल स्टीव्हन्स. अशा माणसांची नावं मी मुद्दाम लक्षात ठेवतो.

ती चित्रं मग सस्पेन्स खात्यात पडून राहिली. आमच्याकडं दहा वर्षं खात्याकडं कुणी फिरकलं नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा होतात. वॉलेसची चित्रं पुस्तकरूपानं छापली गेली ती २००२ साली. त्यांत एक पाकट होतं. रिओ निग्रोतलं, जेमतेम फुटाएवढं, त्या कुळातलं सगळ्यांत लहान. त्याला शास्त्रीय नाव मिळालं २०१६ साली : पोटॅमोट्रायगॉन वॉलेसी. जहाज जळाल्यापासून १६४ वर्षांनी नोंद पक्की झाली. आणि पुढं सहाच वर्षांनी, २०२२च्या नोव्हेंबरात, पनामाला जगातले देश जमले तेव्हा नदीतल्या पाकटांच्या ज्या सात जातींचा व्यापार परवान्याखाली आणला गेला, त्यांत हीही होती. छोटं, देखणं आणि टाकीत मावणारं असणं त्याला भोवलं. आपल्याकडंही त्या कराराच्या यादीतल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणी करायचे नियम २०२४ साली आले. म्हणजे माशाचंही केवायसी आलं. तीनशे दोनचा पापड मोटोरो नावाच्या जातीचा, थायलंडमध्ये टाकीतच जन्मलेला. नदी त्यानं कधी बघितलेलीच नाही.

इतकं वाचून होईतो सहावा दिवस उजाडला. त्या रात्री पाऊस कोसळत होता. दहाला दहा कमी असताना कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन् उडाला आणि अख्ख्या गल्लीत अंधार. टाकीच्या पंपाला इन्व्हर्टर होता. चार पानी सूचनांप्रमाणे तो तीन तास चालणार होता आणि तो खरोखर तीनच तास चालला. एक वाजता वरचा घरघर आवाज थांबला. पलंगावर पडल्या पडल्या तो थांबलेला मला ऐकू आला. सौ. म्हणाली, "गेला ना?" मी म्हटलं, "हो." सेलवर चालणारा एक छोटा पंप होता, पण त्यातले सेल ओघळून गंजले होते. तीनशे दोनचा फोन लागेना.

मेणबत्ती घेऊन आम्ही वर गेलो. पापड वाळूवर पडला होता. पाकटाच्या डोळ्यांमागं दोन भोकं असतात, तिथून ते श्वासाचं पाणी आत घेतं. ती भोकं भराभर उघडमीट करीत होती. टाकीतला प्राणवायू संपत चालला होता. आणि तो संपला की पाणी साफ ठेवणारे फिल्टरमधले जिवाणूही मरतात, हे मी आदल्याच दिवशी वाचलेलं होतं. वाचायला नको होतं.

तेव्हा मला वेस्टमिन्स्टरची मोलकरीण आठवली. मी खिडकी उघडली, तांब्या उचलला आणि वरवरचं पाणी घेऊन हातभर उंचावरून परत टाकीत ओतायला लागलो.

अर्धा अर्धा तासाच्या पाळ्या लावल्या : मी, सौ., मग चिरंजीव. अडीचला मागून पावलं वाजली. दादा उंबऱ्यात उभे होते, हातात कढत पाण्याचा थर्मास. "काटा लागला तर असूदे," म्हणाले. मग थर्मास खाली ठेवून त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. त्यांचं ओतणं आमच्यापेक्षा चांगलं होतं, एकसारखं, बिनआवाजाचं. होडीतलं पाणी उपसलेला हात तो.

ओतता ओतता मी त्यांना थॉर्सनची हकिकत सांगितली. युरिया, फंड, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. दादा अठराव्या वर्षी लालबागच्या गिरणीत लागले, ते १९८२च्या संपात सुटले. त्यानंतर इथंच मिळेल ते केलं.

"दादा, संपानंतर तुम्ही हर्णैला परत का नाही गेलात?" इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं.

"गेलो होतो ना," ते म्हणाले. तांब्या चालूच होता. "पुतण्याबरोबर होडीत बसलो. बंदर सुटलं आणि मला बोट लागली. मला! ओकून ओकून हैराण. पोरं हसाय लागली. मग आलो परत."

सौ.नं वडिलांकडं बघितलं. तिलाही हे नवीन होतं. कुणी काही बोललं नाही. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

चार वाजून वीस मिनिटांनी दिवे आले. पंप घरघरला. पापडानं कडा हलवल्या, वाळूचा एक ढग उडवला आणि टाकीभर एक फेरी मारून दादांच्या समोर काचेला पोट लावून उभा राहिला. पोटाकडून बघितलं की पाकट हसल्यासारखं दिसतं. ते तोंड आणि नाकपुड्या असतात, हसू नसतं, हे मला ठाऊक आहे. तरीही.

तीनशे दोन परतले. खजुराचा डबा दिला, मी किल्ली आणि अकरा दिवसांचं तारीखवार स्टेटमेंट दिलं, त्यावर त्यांची सही घेतली. पण प्रकरण बंद झालं नाही. पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारात. कंपनी त्यांना कॅनडाला पाठवते आहे. लिओ अजून वाढणार, दीड-दोन फुटांचा होणार. घेणारा कुणी मिळत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलं, "खाडीत सोडून द्या की!" सिंगापूरला लोकांनी हेच केलं. तिथल्या एका जलाशयात अशी सोडलेली मोटोरो पाकटं चक्क संसार थाटून राहिल्याचं आढळलं.

"खाडी खारी असते," दादा मध्येच म्हणाले. "मरंल ते."

त्यावर मी काही बोललो नाही. एक टन वजन, महिन्याचं वीजबिल, आणि आमच्या खाली एकशे दोन राहतात, हे सगळं कागदावर मांडून सौ.ला दाखवलं. तिनं कागद बघितला आणि हॉलमधला सोफा टेपनं मोजायला घेतला.

काल संध्याकाळी बँकेतून आलो तर दादा ओट्याशी कोळंबी सोलत बसले होते. नेहमीपेक्षा ढीग मोठा दिसला.

"एवढी कुणाला?"

"निम्मी आपल्याला," दादा म्हणाले.